इतिहासाचा प्रकल्प आधी शिक्षकांना करू द्या : राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
आणि सर्व जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य

विषय : विद्यार्थ्यांच्या इतिहास प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. मुलांच्या इतिहास प्रकल्पांना मार्गदर्शन करायचे असेल, तर त्या शिक्षकाने आधी स्वतः एक छोटे संशोधन पूर्ण केलेले असावे, आणि ते करण्याची संधी, वेळ व आधार त्याला प्रशिक्षणातूनच मिळावा. पुढे जे लिहिले आहे ते या मागणीचेच स्पष्टीकरण आहे.

शाळाशाळांतून दरवर्षी जमा होणारे इतिहासाचे प्रकल्प आपण पाहिले असतील. विषय ठरलेले असतात : महाराष्ट्रातील किल्ले, थोर समाजसुधारक, स्वातंत्र्यलढ्यातील क्रांतिकारक, अजिंठा-वेरूळ. स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळतात. मूल ती चित्रे कापून प्रकल्पवहीत चिकटवते, मजकूर कुठून तरी उतरवून काढते, रंगीत पेनाने चौकट आखते आणि प्लास्टिकचे कव्हर घालून वही देते. आता उतरवण्याचेही कष्ट उरले नाहीत. मोबाईलवर विषय टाकला की कृत्रिम बुद्धिमत्ता चार पाने लिहून देते. शिक्षक अक्षर, चित्रे आणि टापटीप पाहून गुण देतात, आणि मार्च उजाडला की वह्यांचा गठ्ठा रद्दीत जातो. या सगळ्यात मुलाने एकही प्रश्न विचारलेला नसतो आणि एकही गोष्ट स्वतः शोधलेली नसते.

दोष मुलांचा नाही, आणि शिक्षकांना दोष द्यावा असेही मला वाटत नाही. बी.एड.ला आम्ही इतिहासाची अध्यापनपद्धती शिकलो, पाठ टाचणे काढली, कालरेषा आणि नकाशे केले. जुना कागद हातात घेऊन त्याला काय विचारायचे, म्हाताऱ्या माणसाची मुलाखत कशी घ्यायची, दोन साधने परस्परविरुद्ध बोलत असतील तर काय करायचे, हे आमच्यापैकी बहुतेकांना कोणीही शिकवले नाही. एम.ए. झालेल्यांनीसुद्धा परीक्षा दिल्या, संशोधन केले नाही. शिवाय अनेक शाळांत इतिहासाचे तास मराठीच्या किंवा हिंदीच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात भर म्हणून टाकलेले असतात. जे आपण कधी केले नाही ते मुलांकडून करून घ्यायचे, तेही साठ-सत्तर मुलांच्या वर्गाकडून. मग कात्रणांची वहीच येणार.

खरे तर पाठ्यपुस्तकांनी आम्हाला वाट दाखवली आहे. सातवी, आठवी आणि नववी या तिन्ही इयत्तांच्या इतिहासाची सुरुवात साधनांच्या पाठाने होते : भौतिक, लिखित, मौखिक. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवात तर इतिहासलेखनाच्या परंपरांपासून आहे. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको अशी नावे पंधरा वर्षांच्या मुलासमोर ठेवणे हे धाडस होते, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पुढच्या पाठात उपयोजित इतिहास आहे, शेवटच्या पाठात ऐतिहासिक ठेव्यांचे जतन आहे. प्रत्यक्षात काय होते? मूळ दस्तऐवजांवर भर देणारा म्हणून रांके पाठ होतो, रिकाम्या जागेत लिहिला जातो, आणि त्या मुलाने आयुष्यात एकही मूळ दस्तऐवज पाहिलेला नसतो. तो मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात पडून असतो.

तो दस्तऐवज म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर, जुन्या भाषेत दाखल-खारीज. शंभरी ओलांडलेल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा या राज्यात आहेत आणि त्यांच्यापाशी ही रजिस्टरे आहेत. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. एवढ्या रकान्यांत एका गावाचा केवढा इतिहास मावला आहे, हे शिक्षकाने पूर्वी कधी पाहिले नसेल तर मुलांना तो काय दाखवणार?

एक उदाहरण देते. जुन्या रजिस्टरातला जन्मतारखेचा रकाना मुलांना नुसता मोजायला सांगा. १ जून ही तारीख इतक्या वेळा येते की मुले आधी हसतात, मग गप्प होतात आणि मग विचारतात, ‘बाई, हे कसं?’ घरात जन्माची नोंद नव्हती, आई-वडिलांना साल आठवे तर तारीख आठवत नसे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून टाकले. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांतल्या असंख्य माणसांचे वाढदिवस असे ठरले. सरकारी शिक्क्याचा कागदसुद्धा जसाच्या तसा खरा मानायचा नसतो, तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे आधी विचारायचे असते, हे त्या एका रकान्यातून मुलांच्या मनात जे रुजते ते माझ्या भाषणाने कधीच रुजले नसते. शिवाय मुले घरी जाऊन आजोबांना त्यांची खरी जन्मतारीख विचारतात, आणि आजोबा सांगतात की मोठ्या पुराच्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी. हे मौखिक साधन झाले. आता दोन साधने समोर आहेत आणि मुलाला त्यांतून वाट काढायची आहे.

दुसरा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. सतत गैरहजर. परगावी गेल्याने. घरकामामुळे. चौथीनंतर किती मुली गेल्या, कोणत्या साली जास्त गेल्या, ते साल दुष्काळाचे होते का, एवढाच प्रश्न सातवीच्या मुलींच्या एका गटाला वर्षभर पुरतो. आकडेमोड गणिताच्या तासाला होते, आलेख भूगोलाच्या. आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ते त्या एका गावातल्या त्या एका रजिस्टरात आहे. यंत्राने लिहिलेल्या प्रकल्पांवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पण याच रजिस्टरात जातीचाही रकाना आहे, आणि इथे प्रशिक्षणाशिवाय पाऊल टाकणे धोक्याचे आहे. जुन्या नोंदींत आज कोणी उच्चारणार नाही अशा शब्दांत जाती लिहिलेल्या सापडतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या पणजोबांची नोंद सगळ्यांसमोर वाचली गेली, तर त्या मुलावर काय ओढवेल? रजिस्टर मुलांच्या हाती मूळ स्वरूपात द्यायचे की शिक्षकाने नावे झाकून उतारा करून द्यायचा? अलीकडच्या, हयात असलेल्या माणसांच्या नोंदी वगळायच्या का? कोणत्या सालापर्यंत? शाळेत येऊ न दिलेल्यांचा, दाराबाहेर बसवलेल्यांचा इतिहास या कागदांत मौनातून दिसतो. तो टाळायचा नाही आणि कोणाला उघडेही पाडायचे नाही, हे कसे साधायचे? याची उत्तरे प्रत्येक शिक्षकाने आपापल्या अंदाजाने काढावीत हे बरोबर नाही. परिषदेने अनुभवी शिक्षक, इतिहासकार आणि कायद्याचे जाणकार एकत्र बसवून त्यांची उत्तरे तयार करावीत आणि ती प्रशिक्षणात उदाहरणांसह चर्चिली जावीत.

या कागदांचे मोल आता सगळ्या राज्याला कळले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरे उघडली गेली. दाखल-खारीज, कोतवाल बुके (गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदवह्या), महसुली कागद कपाटांतून बाहेर आले आणि मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी इथे जात नाही. गावातल्या माणसांना आपल्या शाळेच्या रजिस्टरात काय आहे हे जाणून घ्यावेसे वाटले, एवढेच मला महत्त्वाचे वाटते. अशा वेळी ते रजिस्टर नीट वाचणारा, त्याची मर्यादा सांगू शकणारा माणूस गावात असायला हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी शिक्षकच असेल.

आता मुलाखतींविषयी, कारण इथे वेळ फार थोडा उरला आहे.

आमचा तालुका दुष्काळी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी मोठेपणी भोगला ती माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत; जी तेव्हा शाळकरी वयाची होती ती साठी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडे काय काय आहे! खडी फोडायला गेलेल्या बाया, कामावर मिळणारी सुकडी, रेशनची तांबडी मिलो ज्वारी, छावणीला सोडलेली जनावरे, पाझर तलावावरचे मस्टर. रोजगार हमी योजना या राज्याने देशाला दिली. वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे पुस्तकातले वाक्य. पण त्या कामावर गेलेल्या बाईने तान्हे मूल कोणाकडे ठेवले, मुकादमाने मोजमाप कसे घेतले, पहिल्या पगाराचे काय केले, वेगवेगळ्या जातींच्या बाया एका टोपलीच्या साखळीत उभ्या राहिल्या तेव्हा पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यायले, हे पुस्तकात नाही. ते सांगणारी माणसे गावोगाव ओट्यावर बसली आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत.

आठवीच्या मुलाला वही देऊन ‘जा, आजीची मुलाखत घेऊन ये’ म्हटले की तो काय करतो? प्रश्नांची यादी घेऊन जातो. ‘दुष्काळात तुम्हाला खूप त्रास झाला का?’ आजी म्हणते, ‘झाला की रं.’ पुढचा प्रश्न. पाच मिनिटांत मुलाखत संपते. प्रश्नातच उत्तर भरलेले असले की समोरचा माणूस नुसता हो म्हणतो. ‘सकाळी उठल्यापासून काय करायचात?’ असे विचारले आणि मग गप्प बसले, तर आजी बोलू लागते. गप्प बसणे हे मुलाखतीतले सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते सरावानेच येते. त्याखेरीज मोबाईलवर ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घेणे, आजी रडली तर थांबणे, तिचे बोलणे तिच्याच माणदेशी बोलीत लिहून काढणे, ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ न टाकणे, लिहिलेले तिला वाचून दाखवणे, नको असलेला भाग तिने सांगितल्यावर काढणे, आणि शेवटी तिच्या घरी एक प्रत देऊन येणे. हे सगळे शिक्षकाने स्वतः एकदा केलेले असले, तरच तो मुलाला सांगू शकेल की कुठे अडेल.

प्रश्न कसा निवडायचा, इथेच निम्मे मार्गदर्शन असते. ‘आमच्या गावाचा इतिहास’ हा विषय घेतला की मूल ग्रामदैवतापासून सुरुवात करते आणि ग्रामपंचायतीच्या इमारतीपाशी संपवते. त्याला लहान, टोकदार प्रश्न हवा. आमच्या माण-खटाव आणि पलीकडच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत सोने-चांदी गाळण्याच्या दुकानांत आमच्याकडची मराठी ऐकू येते. आपल्या गावातून पहिला कोण गेला, कोणत्या शहरात, त्याला कोणी नेले, त्याने पुढे कोणाला नेले? हा प्रश्न घेतला तर मुलाला जुनी पत्रे सापडतील, यात्रेला गावी आलेली माणसे भेटतील, परमुलुखात जन्मलेल्या चुलत भावंडांशी फोनवर बोलावे लागेल. गावातल्या पडक्या शाळाखोलीवरची देणगीदारांची पाटीसुद्धा त्याला साधन वाटू लागेल. कोकणात हाच प्रश्न मुंबईच्या गिरण्यांचा होईल. कोयनेच्या खोऱ्यात तो धरणाखाली गेलेल्या गावांचा आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. विषय गावागणिक बदलेल. प्रश्न बारीक करण्याचे कौशल्य मात्र सगळीकडे तेच.

गावाबाहेर उभ्या असलेल्या वीरगळांविषयीही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांविषयीही, थोडे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुलांना हे वाचता आले की ती येता-जाता थांबतात. पण उत्साहाच्या भरात दगड घासून धुणे, शेंदूर खरवडणे, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा चुना भरणे, असे प्रकार शाळेच्या उपक्रमांतून होताना मी पाहिले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घेतला तर काहीही न लावता कोरीव काम स्पष्ट दिसते. ही एवढीशी गोष्ट कोणी सांगितली नाही, तर आपले प्रकल्पच ठेव्याचे नुकसान करतील.

आता प्रशिक्षण कसे असावे याविषयी मला जे वाटते ते मांडते.

ते सभागृहात बसून ऐकण्याचे नसावे. इतिहासाच्या साधनांवर भाषण आणि पडद्यावर स्लाइड, मग हजेरी, चहा, प्रमाणपत्र, अशा वर्गांतून मी काही टिपणे घेऊन आले आहे, कौशल्य घेऊन आलेले नाही. ऑनलाइन भागाची चाचणी तर व्हिडिओ पुढे ढकलूनही पूर्ण होते. त्याऐवजी एका तालुक्यातून वीस-पंचवीस इच्छुक शिक्षक घ्यावेत. इच्छुकच, सक्तीने कोणी संशोधन करत नाही. जूनमध्ये सलग दोन-तीन दिवस एकत्र बसून प्रत्येकाने आपल्या शाळेच्या गावाविषयी एक प्रश्न ठरवावा. मग महिन्यातून एकदा, शाळासमूहाच्या केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते त्या धर्तीवर, अर्धा दिवस भेटावे आणि ज्याला जे सापडले, जिथे जो अडला, ते मांडावे. एक भेट तालुक्याच्या अभिलेख कक्षात, एक जुन्या नगर वाचनालयात, एक कोणाच्या तरी गावात प्रत्यक्ष मुलाखतीला. दिवाळीनंतर लेखन. फेब्रुवारीत प्रत्येक शिक्षकाने आठ-दहा पानांचा लेख, त्याच्या साधनांच्या यादीसह, गावकऱ्यांसमोर वाचावा. पुढच्या जूनपासून त्याने मुलांना मार्गदर्शन करावे, आणि त्या वर्षीही मासिक भेट चालू राहावी, कारण खऱ्या अडचणी तेव्हा सुरू होतात.

यासाठी वेळ कुठला, असे आपण विचाराल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने हे संशोधन पूर्ण केले तर त्यातले तास त्यात धरावेत, आणि वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणातही त्याला स्थान द्यावे. त्या दिवशी त्याला शाळेतून रीतसर कार्यमुक्त करावे. मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि पोर्टलवरच्या माहितीतून उरलेल्या वेळात संशोधन करा म्हटले, तर ते होणार नाही हे आपल्यालाही माहीत आहे.

मार्गदर्शक कोठून आणायचे, हा प्रश्न मात्र मोठा आहे. महाविद्यालयांतले इतिहासाचे प्राध्यापक जिल्हाभर आहेत आणि त्यांच्यातले काही शाळांसाठी आनंदाने वेळ देतील. पुराभिलेख संचालनालयाशी आपण करार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर इथल्या पुराभिलेखागारांत वर्षातले काही दिवस शिक्षकांसाठी राखून ठेवता येतील. पुण्याचे पेशवे दफ्तर ज्या राज्यात आहे, त्या राज्यातल्या इतिहासाच्या शिक्षकाने निवृत्तीपर्यंत एकही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सुटताना पाहू नये, ही गोष्ट मला लागते. प्रत्येकाने मोडी शिकावी असे मी म्हणत नाही. तालुक्यात दोन-तीन शिक्षक मोडी वाचणारे तयार झाले, तरी गावांतून येणाऱ्या कागदांना वाचक मिळेल. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतातच. त्यांत शिक्षकांसाठी जागा ठेवाव्यात.

त्याबरोबर प्रत्येक जिल्हा संस्थेने आपल्या जिल्ह्यासाठी साधनांची एक वाटाड्या पुस्तिका करावी. कोणते कागद कोणत्या कार्यालयात, मागायचे कसे, अर्जाचा नमुना कोणता. फेरफार, कोतवाल बुक, इनामांच्या नोंदी, १९५१ पासूनच्या जनगणनेची जिल्हा पुस्तके आणि त्यांतले गाववार आकडे, जुनी गॅझेटियरे. आमच्या जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ चे आहे. त्यात माणदेशाचे पर्जन्यमान, पिके आणि दुष्काळ यांविषयी जे लिहिले आहे ते मुलांसमोर ठेवून ‘हा साहेब आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतोय?’ असे विचारता येते. एकदा पुस्तिका झाली की ती वीस वर्षे उपयोगी पडेल.

आपल्याकडे हे नवे आहे असे समजू नये. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेतात, मार्गदर्शक शिक्षकाच्या मदतीने पाहणी करतात, जिल्हा, राज्य आणि देश अशा पायऱ्यांवर मांडतात. मार्गदर्शक शिक्षक ही भूमिका तिथे मुळापासून मानलेली आहे. इतिहासासाठी असे काहीच का नसावे? अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलँड इथे एका विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाने शाळकरी मुलांसाठी इतिहास दिन सुरू केला. आज तिथे दरवर्षी लाखो मुले मूळ साधनांवर प्रकल्प करतात. जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९७३ पासून इतिहासाची स्पर्धा चालते, आणि तिथे मुलाने आपल्या गावाशी, परिसराशी किंवा कुटुंबाशी जोडलेला विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेतल्या स्पर्धेतली एक बाब आपण लगेच उचलावी : प्रकल्पाबरोबर मूल शोधाची हकीकत लिहून देते. प्रश्न कसा सुचला, कुठे गेलो, काय मिळाले नाही, मत कुठे बदलले. आपण तिला शोधवही म्हणू.

मूल्यमापनाचे निकष बदलले नाहीत, तर वरचे सगळे वाया जाईल. सजावटीला गुण नकोत, कारण त्यात ज्या घरात पैसा आहे ते मूल पुढे जाते. प्रश्नाला गुण द्या, किती आणि कोणत्या प्रकारची साधने पाहिली याला द्या, शोधवहीला द्या, आणि ‘हे मला कळू शकले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाला तर अवश्य द्या. साठ मुलांनी साठ प्रकल्प करावेत हा आग्रहही सोडावा. पाच-पाचच्या गटांनी बारा प्रकल्प केले, तर शिक्षकाला प्रत्येकाशी बोलता येते.

आणखी एक विषय आहे. तो मी शेवटी लिहिते आहे, पण माझ्या दृष्टीने तो सगळ्यात गंभीर आहे. खरे संशोधन केले की कधी ना कधी गावाच्या समजुतीला धक्का लागतो. गावाचे नाव ज्या आख्यायिकेवरून सांगतात तिला आधार सापडत नाही. अमुक घराण्याच्या पराक्रमाची सनद मागितली की ती निघत नाही. एखादे देवस्थान समजले जाते तेवढे जुने नसते. तेरा वर्षांचे मूल हे भाबडेपणाने लिहून आणते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी तरी शाळेच्या दारात उभे राहते. अशा वेळी शिक्षक एकटा पडला तर पुढच्या वर्षी तो किल्ल्यांच्या चित्रांकडे परत जाईल, आणि त्याला नावे ठेवता येणार नाहीत. म्हणून प्रशिक्षणात हेही शिकवावे : आख्यायिकेचा अपमान न करता ती आख्यायिका म्हणून कशी नोंदवायची, ‘गावात असे सांगतात’ आणि ‘कागदात असे आढळते’ हे दोन्ही शेजारी कसे मांडायचे, निष्कर्षाची भाषा किती सावध ठेवायची, मांडणीआधी गावातल्या जाणत्यांना विश्वासात कसे घ्यायचे. आणि परिषदेने लेखी मार्गदर्शक सूचना काढावी की ठरलेल्या पद्धतीने, साधने नोंदवून केलेल्या प्रकल्पाची जबाबदारी शाळा आणि शिक्षण विभाग घेईल. ती सूचना शिक्षकाच्या हाती असेल, तर तो मुलाच्या पाठीशी उभा राहील.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम ज्यांनी उभे केले, त्यांत शाळेतले शिक्षक होते याची मला इथे आठवण द्यायची आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत, आणि ती नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद वाचून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड प्रसिद्ध केले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला तो आमच्याच जिल्ह्यातल्या वाईत हाती आलेल्या कागदांवर. तेव्हा ना अनुदान होते, ना प्रशिक्षण. सगळ्यांना खरेशास्त्री होता येणार नाही. पण पूर्ण पगारी शिक्षक, गावोगाव शाळा आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा व ध्वनिमुद्रक असताना, एका शिक्षकाने एका गावाचा एक प्रश्न तडीस नेणे अशक्य नाही.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यानंतर नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्यांतल्या इतिहासाच्या पुस्तकांत प्रकल्प असतीलच. पुस्तक आधी आणि प्रशिक्षण नंतर हा क्रम या वेळी बदलावा. येत्या जूनपासून तीन-चार तालुक्यांत प्रयोग म्हणून सुरुवात करता येईल : एक दुष्काळी, एक कोकणातला, एक विदर्भातला, एक मुंबईतला वॉर्ड. माणदेशातला गट जमवण्याची जबाबदारी मी आणि माझे काही सहकारी घ्यायला तयार आहोत. आमच्या शाळांची जुनी रजिस्टरे, लॉगबुके आणि मुलांनी घेतलेल्या मुलाखती, ज्यांनी संमती दिली आहे तेवढ्या, अभ्यासासाठी उपलब्ध करून देऊ. आपल्याकडून आम्हाला प्रथम तीन गोष्टी हव्यात : महिन्यातून अर्धा दिवस कार्यमुक्तीचे पत्र, तहसीलच्या अभिलेख कक्षात शिक्षकांना प्रवेश मिळावा यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे शिफारस, आणि वर्षभर सोबत राहील असा एक इतिहासाचा प्राध्यापक.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक इतिहास शिक्षिका
माण तालुका, जिल्हा सातारा